दहावी झाली, अकरावी लागेना: मधल्या महिन्यांत लागलेली वाचनाची आणि भटकंतीची गोडी

नकाशावेडा (धागाकर्ता) | १४ जून २०२५, रात्री ९:४०

माझी मावसबहीण सध्या अकरावीच्या यादीकडे डोळे लावून बसली आहे. १३ मेला निकाल लागला. यंदा पहिल्यांदाच सगळ्या राज्याचे प्रवेश ऑनलाइन आहेत आणि तारखा पुढे पुढे जातायत. काल फोनवर म्हणाली, "दादा, दिवस खायला उठतो रे." तिला धीर द्यायला बोलायला लागलो आणि माझेच ते महिने आठवले. फोन ठेवला तरी मन भरलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी २०२० च्या बॅचचा. आमचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. २३ मार्चला होता, ४० मार्कांचा. आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच केला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून मार्क दिले. वर्गातली सगळी पोरं खूश होती. मला मात्र वाईट वाटलं. तो एकच विषय मी मनापासून केला होता.

चिंचवडच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. एप्रिलमधल्या एका दुपारी कंटाळून तेच भूगोलाचं पुस्तक उघडलं. आता त्यावर कुणी काही विचारणार नव्हतं. पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. मुलं नळदुर्गहून अलिबागला निघतात. वर्षभर मी त्यातून फक्त प्रश्नोत्तरं काढली होती. त्या दुपारी पहिल्यांदा तो प्रवास म्हणून वाचला. अ‍ॅटलास काढला, नळदुर्गवर बोट ठेवलं आणि पोरांच्या सोबत सोलापूरवरून पश्चिमेकडे सरकत गेलो. पठाराचा पिवळा-तपकिरी रंग सह्याद्रीपाशी गडद होतो आणि बोट जरासं पुढे सरकलं की एकदम हिरवा. घाट उतरलो! तो रंग बदलताना अंगावर काटा आला होता, हे आजही आठवतं. मग रोज दुपारी एक प्रवास काढायचा असं ठरून गेलं.

२९ जुलैला निकाल. ३० ऑगस्टला पहिली यादी, त्यात पाचव्या पसंतीचं कॉलेज आलं. घरी ठरलं, दुसऱ्या यादीला थांबू. ती १० सप्टेंबरला लागणार होती. आदल्याच दिवशी, ९ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाची आरक्षणाच्या प्रकरणात स्थगिती आली आणि सगळे प्रवेश जिथल्या तिथे थांबले. कधी सुरू होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तो काळ विचित्र होता. शाळेने दाखला देऊन मोकळं केलेलं, कॉलेजने अजून घेतलेलं नाही. दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फोल्डर कपाटात. जिन्यात शेजारच्या काकूंनी "कितवीला रे आता?" विचारलं तर मला उत्तर सुचायचं नाही. आई एक दिवस म्हणाली, "जा आजोबांकडे. इथे बसून यादी लवकर थोडीच लागणार आहे?" एसटी २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर धावायला लागली होती. तोंडाला मास्क, एका सीटवर एक जण, असा मी वाईला उतरलो. आमचं गाव तिथून जवळच.

आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऑपरेशन कोरोनामुळे लांबलेलं. मी गेलो त्याच रात्री त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक पुढ्यात ठेवलं. "वाच रे जरा. चार महिने झाले, अक्षर दिसत नाही मला." मला वाचनाची सवय लागावी म्हणून वगैरे काही नाही, त्यांना खरंच वाचून दाखवणारं माणूस हवं होतं.

पुस्तक होतं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा माणूस घरावरचं कर्ज फिटावं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. मथुरेला बैजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, एवढ्याच आशेवर. आणि पोचला तो थेट बंडाच्या वणव्यात. झाशीला वेढा पडला तेव्हा हे गृहस्थ आत शहरात होते. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांनी संपादन करून. जुनी भाषा, लांबलचक वाक्यं. पहिल्या रात्री मी दर ओळीला अडखळलो. आजोबा मध्येच शब्दाचा अर्थ सांगायचे, पण वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचे. पाच-सहा दिवसांत जीभ वळली. दहाव्या दिवशी आजोबा म्हणाले, "आज पुरे." तर मीच म्हणालो, "अजून चार पानं." सोप्यात दिवा एकच, बाहेर पावसाची झड, आणि आम्ही दोघं झाशीत.

गोडसे भटजी परत येताना आई-वडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. ते पान वाचून झाल्यावर आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या मेणवलीला जाऊ. चालत."

तिथून भटकंती सुरू झाली. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट आणि घाटावरच्या देवळात टांगलेली ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा तिथून आणलेली. घंटेखाली उभं राहून मी आजोबांना विचारलं, "वसईहून ही इथवर आणली कशी असेल?" आजोबा म्हणाले, "घरी जाऊन शोध." मी शोधायला लागलो ते अजून शोधतोच आहे. मराठी विश्वकोशाचं काम वाईतूनच चालतं, हे मला तेव्हा कळलं. त्याचे खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एका नोंदीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असं फोनची बॅटरी संपेपर्यंत चालायचं. १५ ऑक्टोबरपासून राज्यातली वाचनालयं उघडली आणि मग काय, आठवड्यातून दोनदा वाई.

एकच जागा नीट सांगतो. नोव्हेंबरात आम्ही कमळगडावर गेलो. आजोबा निम्म्यापर्यंत आले आणि सावलीत थांबले. मी गावातल्या एका दादाबरोबर वर गेलो. वर एक विहीर आहे, कावेची विहीर म्हणतात. विहीर म्हणजे जमिनीत पडलेली अरुंद चीर, आणि तिच्यात सरळ खाली उतरत जाणाऱ्या पन्नासेक पायऱ्या. दहा पायऱ्या उतरलो आणि ऊन संपलं. आणखी उतरलो तर गारवा. भिंतीला हात लावला तर बोटं लाल. गेरूचा थर! तळाशी पाण्याचे थेंब पडत होते. डोकं वर केलं तर आकाशाची एक पट्टी दिसत होती, फूटपट्टीएवढी. 'बेसॉल्ट' हा शब्द मी पुस्तकात किती वेळा अधोरेखित केला असेल! पण एका काळ्या थरावर दुसरा काळा थर आणि मध्ये ही लाल माती, हे दिसलं ते तिथे. खाली आल्यावर आजोबांना लाल बोटं दाखवली. त्यांनी माझा हात डोळ्यांजवळ नेऊन बघितला. त्यांना तेवढ्यावरूनच दिसत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी प्रवेश पुन्हा सुरू झाले, डिसेंबरात मला कॉलेज मिळालं. यंदा भूगोल घेऊन माझं बी.ए. पूर्ण झालं.

मला वाटतं, त्या महिन्यांत मी काय वाचतो आणि कुठे जातो याचा हिशोब कुणी मागितला नाही, म्हणून हे घडलं. पुस्तकाने मला घराबाहेर काढलं आणि जागेने परत पुस्तकाकडे पाठवलं. ही ये-जा एकदा लागली की सुटत नाही. तुमच्या आयुष्यात असे मधले दिवस होते का? तेव्हा काय वाचलंत, कुठे गेलात? बहिणीला हा धागा दाखवणार आहे.

---

सायलीची आई | १४ जून, रात्री १०:२५

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझी सायलीही यंदा त्याच यादीच्या प्रतीक्षेत. आम्ही नाशिकचे. ती दिवसभर फोनवर असते, मी ओरडते, मग दोघींचीही चिडचिड. ओळखीतल्या सगळ्यांनी मुलांना अकरावीचे क्लास मे महिन्यातच लावून टाकलेत. आमचं अजून शाखेचंच नक्की नाही. तुमच्या आईने तुम्हाला सरळ गावी पाठवलं, माझं एवढं धाडस होत नाही. वेळ फुकट गेला तर?

---

देवघेव खिडकी | १५ जून, सकाळी ७:१०

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात तेवीस वर्षं ग्रंथपाल आहे. जून-जुलैत ही मुलं आमच्याकडे येतात. लगेच ओळखू येतात: खांद्याला दप्तर नसतं आणि कुठे बसावं ते कळत नसतं. आधी पंखा बघून बसतात, वर्तमानपत्र चाळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाटाजवळ घुटमळायला लागतात. मी हाक मारत नाही. हे अनुभवाने शिकलोय. पूर्वी मी लगेच "हे वाच, चांगलं आहे" म्हणून हातात पुस्तक द्यायचो आणि मूल दुसऱ्या दिवशी यायचंच नाही.

सायलीच्या आईंना सांगतो, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. मुलीला यादी देऊन पाठवू नका. फक्त तासभर कपाटांमधून फिरू द्या. ज्या पुस्तकाच्या मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरली आहे, ते उघडून बघ म्हणावं. ते पुस्तक आधी कितीजणांच्या घरी राहून आलंय हे त्या चिठ्ठीवर दिसतं. आमच्याकडची कितीतरी मुलं पुस्तक तसंच निवडतात, आणि मला ती फार शहाणी रीत वाटते.

अनामत भरायची अडचण असली तरी वाचनकक्षात बसून वाचायला कुणी अडवत नाही, हेही मुलांना ठाऊक नसतं. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, खेडोपाडी अनुदानित वाचनालयं आहेत. आपल्या गावातलं कुठे आहे ते आधी शोधा.

---

आनंद टेम्पोवाला | १५ जून, दुपारी १:३०

लेख आवडला, पण एक बाजू राहिली असं वाटतं, म्हणून लिहितो.

मी १९९८ ला दहावी झालो. आयटीआयच्या यादीची वाट बघत होतो. आजोबांकडे जाऊन वाचायची सोय नव्हती. वडील आजारी, मी घरात थोरला. दुसऱ्याच आठवड्यात एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लागलो. ग्रिल, गेट बनवायचे आणि टेम्पोने पोचवायचे. मी टेम्पोवर क्लीनर. वाट बघायलाही घरात काहीतरी असावं लागतं. सगळ्यांना ते परवडत नाही.

पण खरं सांगायचं तर माझी भटकंती त्या टेम्पोतच सुरू झाली. कराडहून निघायचं, कधी चिपळूण, कधी सांगोला, कधी कोल्हापूर. कुंभार्ली घाट मी पहिल्यांदा उतरलो तो मागे बांधलेल्या गेटला धरून, पावसात. चालक काका वयस्कर, त्यांना रात्री पाट्या नीट दिसायच्या नाहीत. माझं काम पाटी मोठ्याने वाचायचं. "पाटण अठरा." "कोयनानगर नऊ." शाळेत मी वाचनात कच्चा होतो, मोठ्याने वाचायला सांगितलं की घाम फुटायचा. त्या तीन महिन्यांत घाम फुटायचा थांबला. गावांची नावं वाचता वाचता प्रश्न पडायला लागले. हेळवाक म्हणजे काय? अमुक वाडी आणि तमुक बुद्रुक यात फरक काय? काकांना विचारायचो. ते म्हणायचे, "बुद्रुक थोरलं, खुर्द धाकटं." एवढंसं कळलं तरी दिवस चांगला जायचा.

पुस्तकं फार उशिरा आली. कंपनीत रात्रपाळीला लागलो, तेव्हा एका सहकाऱ्याने किल्ल्यांवरचं एक पुस्तक दिलं. त्यातली निम्मी गावं मी पाटीवर वाचलेली होती! त्या रात्री ते पुस्तक खाली ठेवलं नाही.

---

नकाशावेडा | १५ जून, दुपारी ३:०५

आनंददादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आजोबांची पेन्शन होती, डोक्यावर छप्पर होतं, घरून कुणी पैशाचं विचारलं नाही. आमच्याच वर्गातला माझा मित्र त्याच महिन्यांत घरोघरी भाजी पोचवत होता. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

आणि "बुद्रुक थोरलं, खुर्द धाकटं" वाचून फार आनंद झाला. ते बुजुर्ग आणि खुर्द असे फार्सी शब्द आहेत. आमच्या आजोबांनीही अगदी असंच सांगितलं होतं, गावाच्या वेशीवर उभं करून.

---

रानजाई | १५ जून, रात्री ९:१५

माझे मधले दिवस २००४ चे. अकरावीला तालुक्याला पाठवायचं की नाही, यावर घरात जून-जुलै दोन महिने चर्चा चालली होती. माझ्यासमोर, पण मला न विचारता. यादीत नाव लागलेलं होतं. घरची यादी लागत नव्हती.

भटकंती वगैरे शब्दच नव्हता. विहिरीवर आणि शेतात जायचं तेवढंच. पण शेजारच्या बाईंकडे (त्या हायस्कूलला मराठी शिकवायच्या) पुस्तकं होती. त्यांनी मला मुद्दाम प्रवासवर्णनं दिली असावीत असं आता वाटतं. त्यातूनच कळलं की पंडिता रमाबाईंनी अमेरिका पाहून त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि ते १८८९ साली छापलं. मी चुलीपुढे बसून वाचत होते. आईला सांगितलं, "अगं, शंभर वर्षांपूर्वी एक बाई अमेरिकेला गेली होती आणि मला तुम्ही अठरा किलोमीटरवर पाठवेनात." आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी रात्री तिने वडिलांना सांगितलेलं मी अंथरुणातून ऐकलं: "पोरीला जाऊ द्या. एसटी दारातून जाते." मी अकरावीला गेले.

याच्या पुढचा भाग माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. आई तोवर माहेर, सासर आणि दवाखाना यापलीकडे कुठे गेलेली नव्हती. मी म्हटलं, "चल, आता तू." पहिल्यांदा पंढरपूर, ते तिला हवं होतं. दुसऱ्यांदा विचारलं, "कुठे जायचं?" तर म्हणाली, "समुद्र." आम्ही हर्णैला गेलो. पूर्ण प्रवासात तिने खिडकीची जागा सोडली नाही. वारं लागून डोळे लाल झाले, तरी काच लावू दिली नाही. प्रत्येक नदीचं नाव विचारत होती. मला तीन नद्यांची नावं सांगता आली नाहीत, तेव्हा म्हणाली, "घरी गेल्यावर पुस्तकात बघून सांग." मी बघितलं आणि सांगितलं. आता निघायच्या आदल्या रात्री वाटेतल्या नद्या वहीत लिहून घेते. वही आईच्या पिशवीत असते.

---

सायलीची आई | १५ जून, रात्री ११:००

रानजाई ताई, काय लिहिलंत हो. सायलीला वाचून दाखवलं. आधी फोनमधून मान वर केली नाही. "काच लावू दिली नाही" इथे मात्र वर बघितलं.

---

ओवी | १६ जून, सकाळी ११:४५

नमस्कार. मी दादाची मावसबहीण. त्याने धागा दाखवला. मला दोन प्रश्न आहेत. एक, मला जाड पुस्तक बघूनच भीती वाटते, सुरुवात कशाने करू? दोन, आई एकटीला बाहेर जाऊ देत नाही. पुण्यात जवळ कुठे जाता येईल?

---

देवघेव खिडकी | १६ जून, दुपारी १२:२०

ओवी, पहिल्याचं सांगतो. तुला कुठल्या जागेबद्दल आधीच थोडं ठाऊक आहे ते बघ. आजोळ असेल, सहलीला गेलेली जागा असेल. तिच्याबद्दलचं एखादं प्रकरण शोध, पूर्ण पुस्तक नाही. ओळखीची वाट छापलेली दिसली की पानं आपोआप पुढे जातात. वीस पानांत मन लागलं नाही तर खुशाल परत कर. आमच्या खिडकीवर परत आलेल्या पुस्तकाला कधी कुणी रागावलेलं नाही.

---

नकाशावेडा | १६ जून, दुपारी २:१०

ओवे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं आहे, नारायण पेठेत. नगर वाचन मंदिर त्याहून जुनं, १८४८ चं. दोन्हीकडे मावशीला घेऊन जा, ती नाही म्हणणार नाही. वाटेत शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे खिळे बघा आणि ते तेवढ्या उंचीवर का ठोकलेत ते मला फोन करून सांग. मी सांगणार नाही.

---

घाटवाटा | १६ जून, सायंकाळी ६:३०

नव्याने फिरायला निघणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी लिहितो. मी वीस वर्षं डोंगरात जातोय. यंदा पाऊस मेमध्येच आला, ओढे-नाले आताच भरलेत. काल कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल कोसळून माणसं गेली. मन सुन्न झालंय. या दिवसांत धबधबे, जुने पूल आणि गर्दीच्या जागा नकोतच. शेवाळलेल्या कड्यांवर तर अजिबात नाही. पहिली भटकंती सपाटीवरची असू द्या: जुनं देऊळ, बारव, वाडा, बाजाराचं गाव. सोबत जाणतं माणूस, घरी परतायची वेळ सांगून ठेवलेली. डोंगर ऑक्टोबरनंतरही तिथेच असतो.

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून जवळ भिलार आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. लोकांच्या घरांमध्येच पुस्तकं मांडलेली आहेत, कुठल्याही घरात शिरा, बसा, वाचा. वाचन आणि प्रवास एकाच तिकिटात हवं असेल तर पालकांनी मुलांना घेऊन तिथे जावं. मी मुलाला नेलं तेव्हा तो एका घराच्या पडवीत तीन तास बसला. घरातल्या आजींनी दोनदा पाणी आणून दिलं, तिसऱ्यांदा त्याच्या डोक्यावरचा दिवा लावला आणि काही न बोलता गेल्या.

---

जुना कंदील | १७ जून, सकाळी ८:५०

थोडक्यात लिहितो, डोळे थकतात. १९८३. वडिलांची बदली रत्नागिरीला, दाखल्याच्या कागदांचा घोळ, कॉलेज दीड महिना उशिरा मिळालं. तो दीड महिना कोकणातला पाऊस आणि नगर वाचनालय. १८२८ सालचं आहे ते. गावात एकही मित्र नव्हता. छत्री दारात उभी करून आत जायचो आणि संध्याकाळी तीच छत्री वाळलेली उचलायचो. पुढे बँकेत नोकरी केली, महाराष्ट्रभर बदल्या झाल्या. प्रत्येक नव्या गावात सामान लावायच्या आधी वाचनालय शोधलं. बायको म्हणायची, "आधी गॅसचं कनेक्शन बघा हो." तेही बघायचो, दुसऱ्या दिवशी.

---

आनंद टेम्पोवाला | १७ जून, रात्री १०:१०

कंदील काका, वाळलेली छत्री डोळ्यांसमोर आली.

माझा मुलगा आता नववीत आहे. कालपासून गाडीत बसला की पाट्या वाचायला लावतोय. आधी वैतागला. आज स्वतःहून विचारलं, "पप्पा, ओगलेवाडीला ओगले कोण?" तिथला काचेचा कारखाना आणि प्रभाकर कंदील, जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. रविवारी दोघं मिळून बाकीचं शोधणार आहोत.

---

ओवी | १८ जून, दुपारी ४:३५

दादा, फोन लागत नाहीये म्हणून इथेच सांगते. हत्तींनी धडक देऊन दरवाजा तोडू नये म्हणून खिळे त्यांच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. आईने मला खांद्याला धरून दरवाज्याशी उभं केलं आणि फोटो काढला. खालचे खिळेसुद्धा माझ्या डोक्याच्या वर येतात.

वाचनालयात पण गेलो. आईने स्वतःच्याच नावाने कार्ड काढलं.

---

सायलीची आई | १९ जून, रात्री ९:२०

इथल्या सगळ्यांना सांगायलाच हवं. यादीचं अजून काही नाही. सोमवारी वाचनालयात गेलो होतो. सायलीने तारखांची चिठ्ठी बघून एक पुस्तक आणलं, गोदावरीच्या (आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो) काठच्या जुन्या देवळांवरचं. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा, पण त्याआधी चिठ्ठी गच्च भरलेली. आज संध्याकाळी पावसाने उघडीप दिली तर म्हणाली, "आई, गंगेवर चल ना. पुस्तकात नारोशंकराच्या घंटेबद्दल आहे. ती पुराचं पाणी किती चढलंय हे सांगते म्हणे."

चाळीस वर्षं या गावात राहते मी. ती घंटा किती वेळा पाहिली असेल, पण वर बघून थांबले नव्हते. आज दोघी थांबलो. पाणी बरंच खाली होतं. सायली पाण्यापासून घंटेपर्यंतची उंची डोळ्यांनी मोजत होती आणि मोठ्याने पायऱ्या म्हणत होती, "एक, दोन, तीन..." मी तिच्या मागोमाग म्हणत होते.

नकाशावेडा, तुमच्या आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का हो? सायली विचारतेय.

---

नकाशावेडा | १९ जून, रात्री १०:००

झालं, जानेवारी २०२१ मध्ये, दोन्ही डोळ्यांचं. आता ते स्वतः वाचतात. मी गेलो की मात्र पुस्तक पुढ्यात ठेवून चष्मा काढून ठेवतात. परवा आषाढीच्या आधी जातोय.